ऑपॉसम आणि बारमाही सांपळा

मनुष्य आणि पशु यांच्या संबंधाचा इतिहास मनुष्याच्याच हातून लिहिला जात असल्यामुळें त्यांत पराक्रमाच्या गोष्टी पुष्कळ व हिशेबाच्या गोष्टी थोड्या असतात. नरभक्षक वाघ मारणाऱ्या शिकाऱ्यांचीं चरित्रें आपण आवडीनें वाचतों; पण मांजराएवढ्या एखाद्या निरुपद्रवी दिसणाऱ्या जनावराशीं एका सबंध राष्ट्रानें शंभर-सव्वाशें वर्षें मांडलेला जमाखर्च वाचावयास सहसा कोणी बसत नाहीं. वस्तुतः मनुष्यस्वभावाचें ज्ञान व्हावयास हा दुसरा प्रकारच अधिक उपयोगी. न्यूझीलंडमधील ऑपॉसम या प्राण्याची कथा अशीच आहे. सुमारें नव्वद वर्षांच्या अवधींत या एका प्राण्यास तेथील कायद्यानें प्रथम पाहुणा मानलें, मग पीक मानलें आणि शेवटीं शत्रु ठरविलें. प्राणी मात्र आरंभापासून शेवटपर्यंत होता तोच होता. त्यास पकडण्याचा सांपळा हिवाळ्यापुरता न लावतां वर्षाचे बाराहि महिने कसा लावावा, हा वरवर पाहतां केवळ शिकाऱ्यांचा प्रश्न. परंतु त्याचें उत्तर सांपडण्यास त्या देशास इतका काळ कां लागला, हें पाहूं गेलें असतां त्यांत अर्थशास्त्र, कायदा आणि नीति या तिन्हींचा गुंता आढळतो. तो उकलून पाहण्याचा या लेखांत प्रयत्न केला आहे.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. ‘ऑपॉसम’ हा शब्द मूळचा अमेरिकेंतील. सतराव्या शतकाच्या आरंभीं व्हर्जिनियांत वसाहत करणाऱ्या इंग्रजांनीं तेथील मूळच्या रहिवाशांच्या तोंडून तो ऐकला व आपल्या लिपींत उतरवून घेतला. पोटाला पिशवी असून तींत पिलूं वाढविणारें तें एक जनावर होतें. पुढें १७७० सालीं कॅप्टन कुकचें ‘एन्डेव्हर’ जहाज ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर दुरुस्तीसाठीं थांबलें असतां जोसेफ बँक्स या निसर्गशास्त्रज्ञास तसेंच एक पिशवीवालें जनावर दिसलें, आणि त्यास अमेरिकेंतील ऑपॉसमची आठवण झाली. अशा रीतीनें एका खंडाचें नांव दुसऱ्या खंडांतील प्राण्यांस चिकटलें. आपली कथा ज्याच्याविषयीं आहे तो ऑस्ट्रेलियाचा झुबकेदार शेपटीचा ऑपॉसम होय. हल्लीं त्यास नुसतें ‘पॉसम’ म्हणण्याचा प्रघात आहे. मांजराएवढा देह, टोंकदार मुख, उभे कान, दाट मऊ केंस आणि झाडाची फांदी घट्ट धरणारी शेपटी, असें त्याचें रूप. दिवसा तो झाडाच्या ढोलींत झोंपतो व रात्रीं चरावयास निघतो. मादीस एका वेळीं बहुधा एकच पिलूं होतें. गर्भवास अवघा सतरा-अठरा दिवसांचा. पण पुढें चार-पांच महिने पिलूं आईच्या पिशवींत आणि त्यानंतर कांहीं काळ तिच्या पाठीवर राहतें. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही आपली म्हण या बिऱ्हाडालाहि शोभून दिसेल.

आतां हा प्राणी जेथें गेला त्या भूमीकडे पाहूं. न्यूझीलंडच्या बेटांवर वटवाघळें सोडलीं तर जमिनीवर राहणारा एकहि सस्तन प्राणी मूळचा नव्हता. चरणें, कुरतडणें, बीज पसरविणें हीं कामें तेथें पक्ष्यांकडे होतीं. कित्येक पक्षी तर शत्रुच नसल्यामुळें उडणेंहि विसरून गेले होते. युरोपांतून आलेल्या वसाहतवाल्यांस ही भूमि मोकळी, किंबहुना अपुरी वाटली. मायदेशची हरणें, ससे, मासे आणि गाणारे पक्षी येथें असावेत या इच्छेनें त्यांनीं १८६० नंतरच्या काळांत गांवोगांवीं संस्था काढल्या. परदेशांतील प्राणी व वनस्पति आणून त्यांस नव्या हवेंत रुळविणें हेंच त्या संस्थांचें कार्य. आपल्या ओळखीची साळुंखीहि १८७० नंतरच्या दशकांत त्या बेटांवर पोंचली, आणि हिमालयांतील ताहर नांवाची रानशेळी १९०४ सालीं तेथील सर्वांत उंच पर्वताच्या परिसरांत सोडण्यांत आली. तेव्हां या उद्योगास हिंदुस्थानचाहि थोडा हातभार लागला आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.

ऑपॉसम आणण्यामागें मात्र शोभेची किंवा करमणुकीची इच्छा नव्हती. त्यामागें रोकडा व्यवहार होता. थंड देशांत केंसाळ कातड्यांस चांगली किंमत येते, आणि ऑस्ट्रेलियांतून तीं कातडीं युरोपच्या बाजारांत जात होतीं. तोच धंदा आपल्याकडे कां होऊं नये, असा विचार न्यूझीलंडमधील मंडळींनीं केला. १८३७ सालचा पहिला प्रयत्न फसला. १८५८ सालीं दक्षिण टोंकाच्या रिव्हर्टन गांवाजवळ सोडलेलीं जनावरें मात्र टिकलीं. त्यानंतर, विशेषतः १८९० नंतरच्या दशकांत, उपर्युक्त संस्थांनीं ठिकठिकाणच्या अरण्यांत तीं सोडण्याचा सपाटा लावला. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरील करडा आणि टास्मानियांतील काळा अशा दोन जाती आणल्या गेल्या. काळा अधिक थोराड व त्याचे केंस अधिक दाट, म्हणून त्यास मान मोठा. परदेशांतून प्रत्यक्ष आणलेलीं जनावरें थोडीं, कांहीं शेंकड्यांच्या पलीकडे नव्हेत. बाकीचा प्रसार त्यांच्याच संततीस उचलून नव्या रानांत नेऊन सोडल्यानें झाला. वेलिंग्टनच्या उत्तरेस कापिटी नांवाचें एक लहान बेट आहे. तेथें १८९३ सालीं ऑपॉसम सोडण्यांत आले, आणि चारच वर्षांनीं, १८९७ सालीं, तेंच बेट देशी पक्ष्यांसाठीं राखून ठेवण्याचा कायदा झाला. एका हातानें चोराला घरांत घेऊन दुसऱ्या हातानें तिजोरीला कुलूप लावण्याचा हा प्रकार त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आला नाहीं.

ऑस्ट्रेलियांत या प्राण्याची संख्या आपोआप आवरली जात होती. तेथें त्यास खाणारे रानकुत्रे, अजगर व मोठीं घुबडें होतीं, वणवे होते, आणि तेथील निलगिरीच्या झाडांनीं आपल्या पानांत विषारी द्रव्यें सांठवून चरणाऱ्यांपासून स्वतःचें रक्षण करण्याची विद्या युगानुयुगें शिकून घेतली होती. न्यूझीलंडच्या वृक्षांस असल्या चरणाऱ्या जनावराची ओळखच नव्हती. त्यांचीं पानें कोंवळीं व गोड, फुलें-फळें उघडीं, आणि मारणारा कोणी नाहीं. परिणाम असा झाला कीं, मायदेशाच्या मानानें कितीतरी दाट वस्ती ऑपॉसमनें या परभूमीवर केली.

पहिली तक्रार फळबागवाल्यांची आली. रात्रींतून कळ्या व कोंवळे अंकुर नाहींसे होऊं लागले. उलट बाजूस प्राणी सोडणाऱ्या संस्था व कातड्यांचे व्यापारी उभे राहिले. सरकार मध्यें सांपडलें. वाद मिटविण्यासाठीं वेलिंग्टनच्या विद्यापीठीय महाविद्यालयांतील जीवशास्त्राचे प्राध्यापक एच. बी. कर्क यांस चौकशीस नेमण्यांत आलें. त्यांचा अहवाल १९२० सालीं आला. त्याचा मथितार्थ असा होता कीं, अरण्याचें नुकसान नगण्य आहे आणि कातड्यांपासून होणारा लाभ त्याहून पुष्कळ मोठा आहे; मात्र बागांच्या आसपास हें जनावर नसावें. कर्क हे विद्वान् व प्रामाणिक निरीक्षक होते. परंतु जें झाड शंभर वर्षांत वाढतें त्याचें मरण एक-दोन वर्षांच्या पाहणींत दिसत नाहीं. खालच्या रोपट्यांची एक पिढी नाहींशी झाली तरी वरचें छत्र हिरवेंच असतें. अहवालाची मर्यादा ही निरीक्षकाची नव्हती, ती वेळेची होती.

१९२१ सालीं नवे नियम झाले, आणि येथपासून सांपळ्याच्या इतिहासास खरा आरंभ होतो. ऑपॉसम धरण्यास परवाना लागूं लागला. प्रत्येक कातड्यावर कर बसला व त्यावर सरकारी शिक्का मारला जाऊं लागला. आणि धरण्याचा हंगाम ठरला. तो हंगाम हिवाळ्याचा, म्हणजे दक्षिण गोलार्धांतील जून-जुलैच्या सुमारचा असे. बाकीचे महिने सांपळा बंद. याचें कारण उघड होतें. थंडींत केंस दाट व कातडें टिकाऊ असतें. उन्हाळ्यांत केंस झडतात व तें कवडीमोल होतें. शिवाय बाकीचे महिने जनावरास वाढूं दिलें म्हणजे पुढच्या वर्षीं पीक भरघोस येणार. कोणताहि शेतकरी कणसांत दाणा भरण्यापूर्वीं कापणी करीत नाहीं. ऑपॉसमच्या बाबतींत सरकारनें तोच न्याय लावला.

त्या काळच्या सांपळेवाल्याचें जीवन कष्टाचें होतें. थंडीपावसांत डोंगराच्या धारेवरून व जंगलाच्या कडेनें त्याची ‘ओळ’ जात असे; म्हणजे ठराविक वाटेनें ठराविक अंतरावर लोखंडी चापाचे सांपळे मांडलेले असत. ऑपॉसमच्या येण्याजाण्याच्या वाटा ठरलेल्या असतात, व तो ज्या झाडावर वारंवार चढतो त्याच्या सालीवर नखांच्या खुणा दिसतात. अशा झाडाच्या बुंध्याशीं चाप ठेवून वर सालीवर पिठाचा पांढरा पट्टा ओढीत आणि त्यांत बडिशेपेच्या तेलासारखा एखादा वास मिसळीत. अंधारांत तो पांढरा पट्टा जनावरास लांबून दिसतो व कुतूहलानें तें जवळ येतें. सकाळीं उठून सर्व ओळ फिरावयाची, जनावरें गोळा करावयाचीं, तीं सोलावयाचीं, कातडीं फळीवर खिळ्यांनीं ताणून वाळवावयाचीं, आणि संध्याकाळपूर्वीं चाप पुन्हां मांडावयाचे. मंदीच्या दिवसांत ज्यांस शहरांत काम मिळत नव्हतें अशा कित्येकांस या धंद्यानें अन्न दिलें. तेव्हां सांपळेवाल्यास खलपुरुष समजण्याचें कारण नाहीं.

परंतु धंद्याचा स्वतःचा म्हणून एक धर्म असतो, आणि तो माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून नसतो. सांपळेवाला शहाणा असेल तर तो रानांतील शेंवटचें जनावर कधींच मारीत नाहीं. शंभर सांपळ्यांत चाळीस जनावरें मिळतात तोंवर त्याची मजुरी सुटते. चार मिळूं लागलीं कीं तो ओळ उचलून दुसऱ्या खोऱ्यांत जातो. मागें राहिलेलीं चार पुन्हां वाढतात, आणि दोन-तीन वर्षांनीं तो परत येतो. एवढेंच नव्हे, तर सरकारनें पुढें नव्या ठिकाणीं जनावर सोडण्यास बंदी केल्यावरहि चोरून तें नव्या रानांत नेऊन सोडणारे लोक होतेच. कारण आज सोडलेली जोडी म्हणजे उद्यांची ठेव. या गुप्त पेरणीनें ऑपॉसमचा प्रसार किती झाला हें पुढें एल. टी. प्रेसी यांनीं जुन्या माणसांकडून माहिती गोळा करून १९६२ सालीं नोंदविलें. कायद्यानें सोडलेल्यांच्या जोडीला बेकायदा सोडलेल्यांची परंपरा तेव्हां कोठें कागदावर आली.

१९४० नंतरच्या दशकांत अरण्याचें नुकसान डोळ्यांआड करणें अशक्य झालें. डोंगरउतारांवरील राटा व कामाही हे मोठे वृक्ष निष्पर्ण होऊन उभ्या उभ्या वाळूं लागले. ऑपॉसमची एक खोड अशी कीं, तो एकाच आवडत्या झाडावर रात्रीमागून रात्र येतो. शेजारचें झाड टवटवीत राहतें व हें मरतें. तांबड्या-पिंवळ्या फुलांची बांडगुळें तर कित्येक भागांतून नाहींशींच झालीं. आपल्याकडे बांडगूळ हा शब्द निंदेचा. पण त्या अरण्यांत तीं मध खाणाऱ्या पक्ष्यांचीं आश्रयस्थानें होतीं. १९४६-४७ च्या सुमारास सरकारनें धोरण फिरविलें. धरण्यावरील निर्बंध उठले, हंगामाची मर्यादा गेली, जनावर पाळणें किंवा सोडणें हा दंडनीय अपराध झाला. जो कालपर्यंत राखीव माल होता तो आज उपद्रवी ठरला. सांपळा आतां बारमाही झाला. निदान कागदावर झाला.

प्रत्यक्षांत तसें कां झालें नाहीं, हाच या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद भाग आहे. परवानगी मिळाली म्हणून उन्हाळ्यांत सांपळा कोण लावणार? उन्हाळ्याच्या कातड्यास गिऱ्हाईक नव्हतें. म्हणून १९५१ सालीं सरकारनें बक्षिसाची योजना काढली: कातडें कसेंहि असो, मारल्याची खूण म्हणून ठराविक भाग आणून द्यावा आणि दर जनावरामागें अडीच शिलिंग घेऊन जावें. दहा वर्षें ही योजना चालली. लाखों खुणा जमा झाल्या. पैसा पुष्कळ खर्च झाला. आणि अरण्य होतें तसेंच राहिलें. १९६१ सालीं योजना बंद करण्यांत आली. कारण शोधावयास दूर जावें लागलें नाहीं. बक्षीस दूरच्या ऑपॉसमला व जवळच्या ऑपॉसमला सारखेंच होतें. मग मनुष्य सडकेच्या कडेचें सोडून तीन दिवसांच्या वाटेवरील खोऱ्यांत कशास जाईल? सडकेच्या आसपास, जेथें जनावरें मुबलक व श्रम थोडे, तेथेंच मारणें झालें. जेथें मोठे वृक्ष मरत होते त्या उंच रानांत कोणी फिरकलें नाहीं. सरकार मेलेल्यांची गणती करीत होतें; उरलेल्यांची गणती कोणीच करीत नव्हतें.

यानंतर दोन गोष्टींनीं चित्र बदललें. एक विषाची. सोडियम फ्ल्युओरोॲसिटेट, ज्यास तेथें ‘दहा-ऐंशी’ या अंकनामानें ओळखतात, तें १९५० नंतरच्या दशकांत वापरांत आलें, आणि पुढें विमानांतून त्याचीं आमिषें दुर्गम रानांत टाकणें शक्य झालें. दुसरी गोष्ट रोगाची. १९६७ सालीं दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्याकडे क्षयानें पछाडलेला ऑपॉसम आढळला, आणि गाईगुरांचा क्षय वारंवार कां उद्भवतो या कोड्याचा उलगडा होऊं लागला. रोगानें जर्जर झालेला ऑपॉसम आपली निशाचर वृत्ति विसरून दिवसाढवळ्या कुरणांत अडखळत फिरतो. गुरें कुतूहलानें जवळ जाऊन त्यास हुंगतात, आणि रोग त्यांच्यांत शिरतो. दूध व मांस यांवर ज्या राष्ट्राचा व्यापार उभा, त्यास ही वार्ता राटा वृक्षांच्या मरणापेक्षां अधिक झोंबली. अरण्यासाठीं जो पैसा मिळत नव्हता तो गुरांसाठीं मिळाला. मनुष्याच्या कर्तव्यबुद्धीस पोटाची जोड लागते तेव्हांच ती चालूं लागते, हें येथेंहि दिसून आलें.

पण कातड्यांचा बाजार अजून संपला नव्हता. १९७० नंतर युरोपांत केंसाळ कातड्यांस मागणी वाढली, आणि १९८० च्या सुमारास न्यूझीलंडमधून वर्षाला तीस लाखांच्या घरांत कातडीं निर्यात होऊं लागलीं. इतकी कत्तल झाली म्हणजे प्राणी नामशेष होण्याच्या पंथास लागला असेल असें वाचकांस वाटेल. वस्तुस्थिति अशी कीं, त्याच दशकांत देशांतील ऑपॉसमची संख्या सहा-सात कोटी असावी असा अंदाज रूढ होता. पुढें तो फाजील ठरून पुष्कळ खालीं आला. तरी ज्या देशाची मनुष्यवस्ती तेव्हां तीस लाखांच्या थोडी वर होती, तेथें खालचा आंकडाहि थक्क करणारा आहे. दशक संपण्यापूर्वींच कातड्यांचा भाव कोसळला आणि सांपळेवाले घरीं बसले. बाजाराच्या भरंवशावर ठेवलेली मोहीम बाजाराबरोबरच बसते.

बारमाही सांपळ्याचें शास्त्र खऱ्या अर्थानें तयार झालें तें या अनुभवानंतर. त्याचीं मूलतत्त्वें सोपीं आहेत, पण तीं प्राण्याच्या वर्षक्रमावर बसविलेलीं आहेत. शरद् ऋतूंत, म्हणजे तेथील मार्च ते मेच्या दरम्यान, ऑपॉसमची मुख्य वीण होते. हिवाळ्यांत अन्न कमी, भूक मोठी. म्हणून त्या दिवसांत पिठासाखरेच्या आमिषावर जनावर हमखास येतें. वसंतांत कोंवळी पालवी व फुलें, उन्हाळ्यांत फळें. पोट भरलेलें असल्यामुळें आमिषाचें आकर्षण कमी होतें. त्या वेळीं सांपळा जनावराच्या वाटेवर, त्याच्या आवडत्या झाडाशीं आणि रान व कुरण यांच्या सीमेवर नेमका बसला पाहिजे, आणि वासहि बदलता ठेवला पाहिजे, कारण एकदां चापांतून निसटलेलें जनावर तो वास ओळखतें. मुसळधार पावसाच्या रात्रीं तें ढोलींतून फारसें निघत नाहीं. म्हणून कोरड्या रात्रींचीच गणती धरावयाची.

पण बारमाही सांपळ्याचें सर्वांत मोठें कारण निराळेंच आहे. ज्या रानांतून ऑपॉसम काढले तें रान रिकामें राहत नाहीं. आईपासून सुटलेले तरुण नर नव्या जागेच्या शोधांत कित्येक मैल चालत जातात. हिवाळ्यांत झाडून काढलेल्या खोऱ्यांत पुढील वर्षभर हे पाहुणे येतच राहतात. हंगामी सांपळेवाला परत येतो तेव्हां त्यास हें नवें पीक म्हणून आनंद होतो. रक्षकाच्या दृष्टीनें मात्र गेल्या वर्षाचें सारें काम फुकट गेलेलें असतें. म्हणून सीमेवरील ओळ बारा महिने जागी ठेवणें हाच त्यावर उपाय.

साधनेंहि पालटलीं. दांतेरी जबड्याचे जुने चाप पाय चिरडीत असत; त्यांवर पुढें कायद्यानें बंदी आली. पाय धरून ठेवणारा सांपळा लावला तर तो रोज, सूर्योदयानंतर बारा तासांच्या आंत पाहिलाच पाहिजे, असा १९९९ च्या प्राणिहितविषयक कायद्याचा दंडक आहे. किवी, वेका यांसारखे जमिनीवर चालणारे पक्षी पाय घालून जायबंदी होऊं नयेत म्हणून त्यांच्या प्रदेशांत सांपळा जमिनीपासून उंच, झाडावर बसविण्याची रीत पडली. जनावर तत्काळ मारणारे, आणि कांहीं तर आपोआप पुन्हां सज्ज होणारे सांपळेहि निघाले. अशा सांपळ्याजवळ मनुष्यानें रोज जावें लागत नाहीं, व त्यामुळें दूरच्या रानांत वर्षभर पहारा ठेवणें परवडूं लागलें.

परंतु माझ्या मतें या सर्वांहून महत्त्वाचा शोध लोखंडाचा नसून हिशेबाचा होता. १९९० नंतरच्या काळांत मोहिमेचें यश मोजण्याची पद्धत बदलली. रानांत वीस-वीस मीटरवर दहा सांपळ्यांची एक ओळ, अशा कांहीं ओळी तीन कोरड्या रात्रीं मांडावयाच्या आणि शंभर सांपळा-रात्रींमागें किती जनावरें सांपडलीं तें पाहावयाचें. हा आंकडा शेंकडा पांच किंवा त्याहून खालीं आला तरच काम पुरें झालें असें समजावयाचें व ठेकेदारास पैसे द्यावयाचे. म्हणजे पूर्वीं मेलेले मोजून पैसे मिळत, आतां उरलेले मोजून मिळूं लागले. एवढ्या एका फरकानें सांपळेवाल्याचा स्वार्थ आणि अरण्याचें हित हीं दोन्हीं एकाच बाजूस आलीं. साठ वर्षें जें कायद्यास, बक्षिसास आणि उपदेशास साधलें नाहीं तें मोजमापाची दिशा उलटी केल्यानें साधलें. गुरांच्या क्षयाचेंच उदाहरण घ्यावें: १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास रोगग्रस्त कळपांची संख्या सतराशेंच्या आसपास होती, ती पुढें शंभराच्याहि पुष्कळ खालीं आली.

शेवटापर्यंत नेलेली मोहीम काय करूं शकते याचा दाखला कापिटी बेटानें दिला. ज्या बेटावर १८९३ सालीं ऑपॉसम सोडले होते तेथें १९८० पासून सांपळे लावण्यास सुरुवात झाली, मग विष, आणि शेवटीं शिकविलेले कुत्रे. आणि १९८६ पर्यंत बेट पूर्णपणें मोकळें झालें. प्रारंभीं जनावरें हजारोंनीं मिळालीं, आणि शेवटच्या मूठभर जनावरांसाठींहि तितक्याच चिकाटीनें रान धुंडाळावें लागलें. धंदेवाईक सांपळेवाला जेथून परत फिरला असता तेथूनच खऱ्या कामास आरंभ झाला. याच सुमारास आणखी एक समजूत कोसळली. ऑपॉसम केवळ पालेभाज्या खाणारा असें सर्व जण मानीत असत. १९९३ सालीं कोकाको या दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याजवळ लावलेल्या कॅमेऱ्यानें त्यास अंडीं व पिलें खातांना टिपलें. कर्क यांच्या अहवालानंतर सत्तर वर्षांनीं आरोपपत्रांत ही नवी भर पडली.

जुलै १९१६ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, जुलै २०१६ मध्यें, न्यूझीलंड सरकारनें ऑपॉसम, उंदीर व मुंगुसासारखे शिकारी प्राणी २०५० पर्यंत देशांतून समूळ नाहींसे करण्याचा संकल्प जाहीर केला. तो सिद्धीस जाईल कीं नाहीं याविषयीं तेथेंहि मतभेद आहेत. विमानांतून विष टाकण्यास कित्येकांचा कडवा विरोध आहे. आणि जुना धंदाहि नव्या रूपानें जिवंत आहे. ऑपॉसमचे केंस मेरिनो मेंढीच्या लोकरींत मिसळून उबदार कपडे करण्याचा उद्योग तेथें १९९० नंतर वाढला. म्हणजे पीक कीं शत्रु, हा वाद संपलेला नाहीं.

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या मनांत या सर्व वर्णनानें एक निराळाच प्रश्न उभा राहिला असेल: या मुक्या जीवाचा अपराध काय? अपराध कांहींच नाहीं. जहाजांत बसून तो आपण होऊन आला नव्हता. आणि समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियांत तोच प्राणी आजहि कायद्यानें रक्षिलेला आहे. जीवदयेच्या दृष्टीनें ही हत्या पाहून ज्याचें मन कचरणार नाहीं त्याच्या मनाविषयींच शंका घ्यावी. तथापि दयेचाहि हिशेब पुरा मांडला पाहिजे. ज्या पक्ष्यांचीं घरटीं रात्रींतून रिकामीं होतात त्यांच्याकडून कोण बोलणार? आणि प्रश्न मारावें कीं मारूं नये एवढाच राहिलेला नाहीं. हंगामी सांपळ्यानें दर हिवाळ्यास लाखों जनावरें मारावयाचीं, बाकीचीं पुढच्या हिवाळ्यासाठीं राखावयाचीं, आणि हें चक्र पिढ्यान् पिढ्या चालवावयाचें, यांत एकंदर हत्या किती झाली? उलट एकदां नेटानें, वर्षाचे बाराहि महिने, शेवटापर्यंत काम केलें, तर कापिटीप्रमाणें तेथें पुन्हां सांपळा लावण्याचें कारणच उरत नाहीं. सौम्य दिसणारा मार्ग हाच येथें अधिक क्रूर ठरतो.

आपल्या सह्याद्रींतील रानें घाणेरीनें व्यापिलेलीं आपण पाहतों. तीहि शोभेचें झुडूप म्हणून बाहेरून आणलेली. तिच्या बंदोबस्ताचे प्रयत्नहि हंगामी व तुटक. न्यूझीलंडच्या कथेंतून घेण्यासारखा बोध कोणास हवा असेल तर तो एवढाच कीं, ज्या उपद्रवावर कोणाची तरी भाकरी चालते तो उपद्रव त्या भाकरीच्या मापानेंच कमी होतो, त्यापुढें नाहीं. तो खरोखर नाहींसा करावयाचा असेल तर किती मारलें हें विचारण्याचें सोडून किती उरलें हें विचारावयास शिकलें पाहिजे. आणि सर्वांत उत्तम तें हें कीं, परक्या प्राण्यास नव्या भूमीवर उतरवून घेण्यापूर्वींच त्याच्या परतीच्या वाटेचा विचार करावा. कारण बोलावणें सोपें असतें. निरोप देण्यास न्यूझीलंडला शंभर वर्षांहून अधिक काळ पुरला नाहीं.